'बॉयकॉट' : एका आडनावाचे क्रियापद कसे झाले, आणि ते कोणाच्या हाती गेले

१/
'बॉयकॉट' हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे, याचेही भान राहत नाही. चित्रपटावर बॉयकॉट, परीक्षेवर बॉयकॉट, मतदानावर बॉयकॉट. वास्तविक हे एका माणसाचे आडनाव आहे. १८८० सालच्या शरद ऋतूत, आयर्लंडमधल्या एका सरोवराकाठी, अवघ्या काही आठवड्यांत या आडनावाचे क्रियापद झाले. मात्र ज्या कृतीला हे नाव मिळाले, ती कृती या माणसाच्या जन्माच्याही आधीची आहे. तिचा एक ठळक दाखला पुणे जिल्ह्यातला आहे, आणि तोही आयर्लंडच्या सहा वर्षे आधीचा. या धाग्यात त्या शब्दाचा आणि त्या कृतीचा इतिहास पाहू.

२/
प्रथम आयर्लंडची परिस्थिती. एकोणिसाव्या शतकात तेथील बहुतांश शेतजमीन मोजक्या जमीनदारांच्या मालकीची होती. त्यांतले कित्येक जण इंग्लंडमध्ये किंवा दूरच्या शहरांत राहत आणि कारभाऱ्यामार्फत खंड वसूल करत. जमीन कसणारी कुळे बहुतेक कॅथलिक होती, तर जमीनदार बहुतेक प्रॉटेस्टंट. खंड थकला की कुळाला घरासकट जमिनीवरून काढून टाकता येई. १८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली होती आणि ती आठवण ताजी होती. १८७९ मध्ये पुन्हा पिके बुडाली, बटाटा सडला आणि खंड भरणे अशक्य झाले.

३/
याच वर्षी, ऑक्टोबर १८७९ मध्ये, डब्लिन येथे 'आयरिश नॅशनल लँड लीग' स्थापन झाली. मायकेल डेव्हिट हा तिचा प्रमुख संघटक. त्याच्या लहानपणी त्याचे कुटुंब मेयो परगण्यातल्या जमिनीवरून हाकलले गेले होते. अध्यक्ष होता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जो स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार आणि ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. वाजवी खंड, कुळाला जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क आणि आपला हक्क विकण्याची मुभा, या लीगच्या मागण्या होत्या. प्रश्न होता तो साधनाचा. जमीनदारांच्या मागे कायदा, पोलीस आणि सैन्य होते. कुळांजवळ काय होते?

४/
या प्रश्नाचे उत्तर पार्नेलने १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावच्या सभेत दिले. शेजाऱ्याला काढून टाकलेल्या जमिनीवर जो दुसरा शेतकरी बोली लावील त्याचे काय करावे, असे त्याने विचारले. गर्दीतून 'गोळी घाला' असा आवाज आला. पार्नेल म्हणाला की याहून चांगला मार्ग आहे. अशा माणसाला रस्त्यात, दुकानात, बाजारात, एवढेच नव्हे तर प्रार्थनास्थळातही टाळावे आणि जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवीत तसे एकटे पाडावे. दोन गोष्टी येथे लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. हे आवाहन मुळात जमीनदाराविरुद्ध नव्हते, फुटणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध होते. आणि पार्नेलने निवडलेली उपमा गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाची होती.

५/
आता तो आडनावाचा धनी. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १८३२ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात जन्मला. काही काळ सैन्यात काढून तो आयर्लंडला आला. मेयो परगण्यात लॉख मास्क सरोवराच्या काठी तो लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून राहत असे आणि स्वतःही मोठी शेती करत असे. १८८० मध्ये पीक बुडाल्यामुळे लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. लॉर्डने नकार दिला आणि बॉयकॉटने अकरा कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा काढल्या.

६/
एनिसच्या सभेनंतर तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, नोटिसा बजावणारा कारकून पोलीस शिपायांसह निघाला. तीन नोटिसा लागू झाल्या. चौथ्या घरापाशी बायका जमल्या. त्यांनी चिखल, शेण आणि दगड यांचा असा मारा केला की कारकून आणि शिपाई यांना बॉयकॉटच्या घराचा आसरा घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशीचा प्रयत्नही फसला. त्यानंतर जमाव बॉयकॉटच्या वाड्यावर गेला आणि त्याच्या गडीमाणसांना काम सोडण्यास सांगितले. काही आपखुशीने गेले, काही धाकाने. संध्याकाळपर्यंत वाडा रिकामा झाला.

७/
पुढचे काही आठवडे बॉयकॉट कुटुंबाने जे अनुभवले त्यात गोळी नव्हती, की आग नव्हती. लोहार नाल मारीना, परटीण कपडे धुईना, टपाल आणणाऱ्या मुलाला धमकी मिळाली, जवळच्या बॅलिनरोब गावातले दुकानदार माल देईनात. शेतात सलगम, बटाटे आणि धान्य उभे होते, पण काढायला एकही मजूर नव्हता. बॉयकॉटने आपली कैफियत लंडनच्या 'टाइम्स'ला लिहिली आणि ऑक्टोबरच्या मध्यात ती छापून आली. त्या पत्राने एका खेड्यातला खंडाचा तंटा साऱ्या ब्रिटनच्या चर्चेचा विषय झाला.

८/
मग 'बॉयकॉट साहाय्य मोहीम' निघाली. उत्तरेच्या कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक पीक काढण्यासाठी आले. त्यांच्या संरक्षणार्थ सुमारे हजारभर सैनिक आणि पोलीस तैनात झाले. नोव्हेंबरच्या पावसात, बंदुकांच्या पहाऱ्यात, सलगम उपटले गेले. सुमारे पाचशे पौंडांचे पीक वाचवण्यासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज त्या काळी सांगितला गेला. लीगने जमावाला शांत ठेवले आणि हिंसा होऊ दिली नाही. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंब सैन्याच्या गाडीतून निघून गेले. डब्लिनच्या हॉटेललाही धमकी आली, त्यामुळे तेथेही त्यांना थारा मिळाला नाही आणि १ डिसेंबरला ते इंग्लंडला निघाले.

९/
शब्दाची घडण या धामधुमीतच झाली. त्या भागात जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकी पत्रकार वृत्तांकन करत होता. त्याने पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार, एकदा तो फादर जॉन ओ'मॅली या स्थानिक धर्मगुरूबरोबर जेवत होता. माणसाला असे एकटे पाडण्याच्या कृतीला काय म्हणावे, हा प्रश्न निघाला. इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द होता, पण तो कुळांच्या तोंडी बसणे शक्य नव्हते. फादर जरा विचार करून म्हणाले, 'त्याला बॉयकॉट करा' असे म्हटले तर? रेडपाथने तो शब्द ऑक्टोबरमध्ये अमेरिकी वृत्तपत्रात छापला. नोव्हेंबर संपण्यापूर्वी खुद्द 'टाइम्स'च्या बातमीत तो क्रियापद म्हणून वापरला गेला. लवकरच फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांनी तो घेतला आणि पुढे जपानीनेही.

१०/
विद्वानांना सुचलेला 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द मूळ ग्रीक. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक मडक्याच्या खापरीवर, म्हणजे 'ऑस्ट्राकॉन'वर, एखाद्या बलाढ्य पुढाऱ्याचे नाव खरवडत आणि त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर पाठवत. १७९० च्या दशकात ब्रिटनमधील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली होती. त्याआधी अमेरिकेतील वसाहतींनी ब्रिटिश माल नाकारला होता. कृती पुरातन होती. बॉयकॉटच्या प्रकरणाने तिला सर्वांना उच्चारता येईल असे नाव दिले, इतकेच.

११/
आणि आता पुणे जिल्हा. शिरूर तालुक्यातील करडे गावी, डिसेंबर १८७४ मध्ये, काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गाव संतापले. सावकारांच्या दुकानातून काही घ्यायचे नाही, त्यांची शेते कसायची नाहीत, असे ठरले. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांनीही त्यांची कामे बंद केली. हे लोण पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. मेयोमधल्या लोहाराने आणि परटिणीने जे केले, तेच करडेतल्या लोहाराने आणि परटाने सहा वर्षे आधी केले होते.

१२/
करडेच्या कथेचा शेवट मात्र निराळा झाला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जखते जाळली. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना काहीसा दिलासा देणारा कायदा आला. आयर्लंडमध्ये लँड लीग स्थापन झाली तेही हेच वर्ष. दोन्हीकडे कर्ज किंवा खंड, कोर्टाचा हुकूम आणि घर जाण्याचे भय हीच कारणे होती. करडेच्या शेतकऱ्यांजवळ मात्र लंडनच्या वृत्तपत्राला पत्र लिहिणारा प्रतिपक्ष नव्हता, म्हणून जगाच्या शब्दकोशात त्या गावाची नोंद झाली नाही.

१३/
करडेला हे साधन कोणी शिकवले? त्यासाठी बाहेर पाहण्याची गरज नव्हती. मराठी गावगाड्यात 'वाळीत टाकणे' फार जुने. जात-पंचायत रोटी-बेटी व्यवहार बंद करी, बलुतेदारांची सेवा थांबे, मर्तिकालाही माणूस मिळत नसे. ब्राह्मण समाजात अशा चौकशीला आणि वादाला 'ग्रामण्य' म्हणत. संन्यास सोडून संसारात परतलेल्या पित्यामुळे ज्ञानदेवादी भावंडांना जे सोसावे लागले, त्याची परंपरागत कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. करडेने सावकारावर उगारलेले हत्यार गावाच्या घरातच टांगलेले होते. एरवी ते दुबळ्यावर चाले, या वेळी बलवानावर चालले.

१४/
१९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ७ ऑगस्टला विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. पुण्यात ऑक्टोबरमध्ये विलायती कपड्यांची होळी पेटली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी घरोघर नेली आणि 'बॉयकॉट'चा मराठी प्रतिशब्द म्हणून 'बहिष्कार' हा जुनाच शब्द नव्या अर्थाने उभा राहिला. त्याच वर्षी बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोखल्यांनी एक सावध सूचना केली होती. बंगालची कृती त्यांनी समर्थनीय मानली. परंतु 'बॉयकॉट' या शब्दाला त्याच्या उगमामुळे एक अप्रिय वास आहे, दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी त्यातून आधी सूचित होते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून स्वदेशीचा पुरस्कार करताना त्यांना तो शब्द नकोसा वाटे. बहिष्कार कितपत ताणायचा, या प्रश्नाने पुढे १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगण्यास हातभार लावला.

१५/
गोखल्यांना शब्दाचा वास आला. त्या शब्दाचा प्रत्यक्ष घाव ज्यांच्यावर रोज पडत होता, त्यांचे म्हणणे वीस वर्षांनी पुढे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि पुढच्याच महिन्यात 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. ज्या महाराष्ट्रात 'बहिष्कार' हा राष्ट्रीय चळवळीचा मंत्र झाला होता, तेथेच एका समाजाला आपले नाव म्हणून 'बहिष्कृत' हा शब्द लावावा लागत होता. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांवर गावोगावी जे अस्त्र उगारले गेले, तेही बहिष्काराचेच होते.

१६/
त्याचे काम कसे चाले? मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये आपला अहवाल दिला. आंबेडकर तिचे सभासद होते. अस्पृश्य कुटुंबे बहुतेक ठिकाणी सवर्णांच्या शेतावर मजुरीने किंवा खंडाने जगत. त्यांनी सार्वजनिक पाणवठा वापरला, चांगला पोशाख केला, मेलेली गुरे ओढण्यास नकार दिला, की मजुरी थांबे, जमीन काढून घेतली जाई, वाट अडवली जाई आणि वाणी मीठमिरचीही विकेनासा होई. लॉख मास्कच्या कारभाऱ्याजवळ निघून जायला इंग्लंड होते. महारवाड्यातल्या कुटुंबाला गावाबाहेर दुसरे गाव नव्हते, कारण पुढच्या गावीही व्यवस्था तीच होती.

१७/
याच वर्षी गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या निवेदनात आंबेडकरांनी अस्पृश्यांवरील सामाजिक बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. कलमांचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. घर किंवा जमीन वापरू न देणे, कामावर न ठेवणे, व्यवहार किंवा सेवा नाकारणे, अशी बहिष्काराची व्याख्या त्यात होती. आयर्लंडमध्येही १८८७ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने बॉयकॉट करणे गुन्हा ठरवले होते. तेथे कायदा जमीनदाराच्या रक्षणार्थ धावला, येथे तो भूमिहीनाच्या रक्षणार्थ मागितला जात होता. शब्द एक असला तरी कोणाविरुद्ध कोण उभे आहे, हे पाहिल्याशिवाय दोन्ही कायद्यांचा अर्थ लागत नाही.

१८/
विसाव्या शतकाने हा दुहेरीपणा पुन्हा पुन्हा दाखवला. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर 'बॉयकॉट' पुकारला आणि दारांवर गणवेशातले पहारेकरी उभे केले. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांनी शहरबसमध्ये बसणे सोडले आणि ३८१ दिवस ते पायी चालले. त्या लढ्याचे नेते मार्टिन लूथर किंग यांनी पुढे लिहिले की सुरुवातीला 'बॉयकॉट' या शब्दाने ते अस्वस्थ झाले होते. कृष्णवर्णीयांची उपजीविका तोडण्यासाठी गोऱ्या वर्चस्ववादी संघटना हेच साधन वापरत होत्या. अखेर त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली की आपण एका अन्यायी व्यवस्थेला दिलेले सहकार्य काढून घेत आहोत. गोखल्यांना पडलेला पेच पन्नास वर्षांनी किंगनाही पडला होता.

१९/
महाराष्ट्राने हा पेच कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न दोनदा केला. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यास बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा धार्मिक संप्रदायाच्या घटनादत्त अधिकारांच्या आड येतो म्हणून रद्द केला. त्यानंतर जात-पंचायतींच्या जाचाची प्रकरणे सतत पुढे येत राहिली. अखेर सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा राज्य विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. दोषीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

२०/
तेव्हा 'बॉयकॉट' हे दुबळ्यांचे अस्त्र आहे की जुलमाचे साधन? आडनावाच्या या प्रवासातून एक कसोटी हाती लागते. करडेचा शेतकरी, मेयोचे कूळ आणि माँटगोमेरीचा प्रवासी यांनी स्वतःचे श्रम, पैसे आणि हजेरी काढून घेतली, आणि त्याची किंमत स्वतःही मोजली. मजुरी बुडाली, मैलोगणती चालावे लागले. जात-पंचायत आणि गावचा सवर्ण मात्र दुसऱ्याचे पाणी, वाट, अन्न आणि नाती तोडतात, आणि त्यांचे स्वतःचे फारसे काही जात नाही. ही सीमा नेहमी स्वच्छ नसते. एनिसला पार्नेलने ज्याला महारोग्यासारखे टाकायला सांगितले, तोही एक गरीब शेतकरीच होता. बॉयकॉटच्या वाड्यातले काही गडी भीतीने गेले, हेही नाकारता येत नाही.

२१/
चार्ल्स बॉयकॉट पुढे काही काळ आयर्लंडला परतला, मग सफोक परगण्यात दुसऱ्या जमीनदाराचा कारभारी झाला आणि १८९७ मध्ये मरण पावला. तोपर्यंत त्याचे आडनाव त्याचे उरले नव्हते. करडे गाव आजही शिरूर तालुक्यात आहे. पुढच्या वेळी कोणी कशावर 'बॉयकॉट'ची हाक देईल, तेव्हा दोन गोष्टी विचारून पाहाव्यात : हाक देणारा स्वतःचे काय सोडतो आहे, आणि ज्याच्यावर हाक दिली त्याला जगायला दुसरी जागा उरते का?